दोरीच्या बाहेरच्या बायका

(सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्या मैत्रिणींचं दोन दिवसांचं निवासी शिबिर पाचगणीला झालं. त्यात एका पत्रकार मैत्रिणीनं केलेलं हे भाषण. टेपवरून उतरवून घेताना बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला पत्रातून विषय कळवला होता ‘प्रसारमाध्यमं आणि स्त्रिया’. या विषयावर मी इतक्या वेळा बोलले आहे की वाईहून पसरणीचा घाट चढताना मलाच कंटाळा आला. म्हणून तो बाजूला ठेवते. आज मी तुम्हाला पाच दिवसांच्या चालण्याची गोष्ट सांगणार आहे, आणि त्या चालण्यात माझ्या हातून झालेल्या एका चुकीची. ती चूक मी अजून कुठं जाहीरपणे बोललेले नाही.

राहुल गांधींची भारत जोडो यात्रा तुम्हाला आठवत असेल. ७ सप्टेंबर २०२२ ला कन्याकुमारीहून निघाली आणि ३० जानेवारी २०२३ ला श्रीनगरला संपली. महाराष्ट्रात ती ७ नोव्हेंबरच्या रात्री देगलूरला शिरली. मग नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला, बुलढाणा. आपल्या सातारा-सांगलीकडं ती फिरकली नाही, त्यामुळं तुमच्यापैकी बऱ्याचजणींनी ती टीव्हीवरच पाहिली असणार. मी वाशीमला त्यात शिरले आणि जळगाव जामोदजवळ बाहेर पडले. मी त्या पक्षाची नाही, कुठल्याच पक्षाची नाही. एका दैनिकासाठी रोज एक मजकूर पाठवायचा, असं माझं काम होतं.

पहिली गोष्ट सांगते ती हसण्यावारी नेऊ नका. पहाटे साडेपाचला उठून सहाला चालायला लागायचं, दहाच्या सुमारास थांबायचं, पुन्हा दुपारनंतर अंधार पडेपर्यंत. दिवसाचे वीस-बावीस किलोमीटर. पुरुष पत्रकारांना याचा काही प्रश्न नव्हता. रस्त्याच्या कडेला कुठंही उभं राहिलं की झालं. यात्रेत कायम चालणाऱ्यांसाठी कंटेनरमध्ये राहण्याची सोय होती, असे साठ कंटेनर होते म्हणे, आणि त्यात बायकांची वेगळी व्यवस्था होती. पण माझ्यासारखी चार-पाच दिवसांची पाहुणी, किंवा आसपासच्या गावातून चालायला आलेली बाई, तिनं काय करायचं? मी पहिल्या दिवशी पाणीच प्यायले नाही. दुपारी डोकं गरगरायला लागलं. दुसऱ्या दिवशी शहाणी झाले. रस्त्याला लागून घर दिसलं की सरळ आत जायची, बाईला म्हणायची, ‘ताई, जरा संडासला जाऊ का?’

आणि काय सांगू, माझी अर्धी बातमीदारी त्या संडासानं केली! कारण बाहेर रस्त्यावर बाई वेगळी बोलते आणि आत मोरीपाशी हातावर पाणी घालताना वेगळी बोलते. बाहेर ती ‘बघायला आलोय’ म्हणते. आत आल्यावर कळायचं, की तिला चालायची इच्छा होती पण कापसाची वेचणी चालू आहे, वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, एक दिवस खाडा झाला तर गेला. एका घरात सून म्हणाली, ‘सासरे गेले, नवरा गेला, दीर गेला. मग ढोरं कोण पाहील?’ म्हणजे घरातले तीन पुरुष देश जोडायला गेले आणि ती मागं राहून घर सांभाळत होती. मी हे त्या यात्रेवर टीका म्हणून सांगत नाही. आपल्या स्वतःच्या मोर्च्यांचं काय आहे? १९८० च्या दशकातल्या स्त्रीमुक्ती यात्रेत आपल्यातल्या काहीजणी होत्या. घरी कुणाला भाकरी थापून ठेवायला लावून आलात, आठवून बघा.

आता दोरीबद्दल. यात्रेत नेता चालतो त्याच्याभोवती पोलीस एक लांबलचक दोरी धरून चालतात. दोरीच्या आत नेता, त्याचे पाहुणे, सुरक्षेचे लोक. बाहेर बाकी सगळं जग. पुढं कॅमेऱ्यांची गाडी. सुरक्षेसाठी ती दोरी लागते हे मला मान्य आहे, त्या नेत्याच्या घरात दोन खून झालेले आहेत. पण बातमीच्या दृष्टीनं त्या दोरीचं काय होतं ते बघा. आत जो येतो त्याचा फोटो निघतो, त्याचं नाव लिहिलं जातं. तो आत कशासाठी आला होता हे मात्र मागं पडतं. १७ नोव्हेंबरला मेधाताई पाटकर चालायला आल्या. नर्मदेच्या खोऱ्यात जिनं आयुष्य घातलं ती बाई! पण तीनच दिवसांनी गुजरातच्या निवडणूक प्रचारात, धोराजीच्या सभेत पंतप्रधानांनी त्या चालण्यावरून टीका केली आणि मग सगळी चर्चा एकच, की मेधाताई कुणाबरोबर चालल्या. पुनर्वसनाचं काय झालं हे त्या आठवड्यात कुणी विचारल्याचं मी तरी वाचलं नाही.

लांब पल्ल्याच्या पदयात्रा आपल्या देशाला नव्या नाहीत. १९८३ साली चंद्रशेखर कन्याकुमारीहून दिल्लीला चालत गेले. ६ जानेवारीला निघाले, २५ जूनला राजघाटावर पोचले, चार हजारांवर किलोमीटर. त्यांनी जे प्रश्न घेतले होते त्यात पिण्याचं पाणी होतं, कुपोषण होतं, शिक्षण होतं, आरोग्य होतं. म्हणजे बघा, पाणी भरणारी बाई, उपाशी राहणारी बाई, शाळेतून काढलेली मुलगी, बाळंतपणात मरणारी बाई. सगळे प्रश्न बाईचे, पण ती यात्रा लोकांच्या लक्षात राहिली ती एका दाढीवाल्या पुरुषाच्या चालण्यानं. १९३० च्या दांडीयात्रेत तर गांधीजींबरोबर साबरमतीहून निघालेल्या ७८ जणांत एकही बाई नव्हती. बायकांना पुढं केलं तर इंग्रज म्हणतील की हे बायकांच्या आडून लढतात, असा त्यांचा विचार होता. कमलादेवी चट्टोपाध्यायांनी त्यांच्याशी वाद घातला, आणि मग मुंबईत चौपाटीवर मीठ करायला बायकाच बायका उतरल्या. आपल्या अवंतिकाबाई गोखले त्यांत होत्या, ज्यांनी १९१८ सालीच गांधीजींचं मराठी चरित्र लिहिलं होतं. लिहिणारी बाई आणि रस्त्यावर उतरणारी बाई एकच होती. मला तिचा हेवा वाटतो.

असो. माझ्या चुकीकडं येते.

१९ नोव्हेंबर म्हणजे इंदिरा गांधींचा जन्मदिवस. त्या दिवशी यात्रेत मुख्यतः बायकांनी चालायचं असं ठरलेलं होतं. बुलढाणा जिल्ह्यात, शेगावच्या पुढं, जळगाव जामोदच्या दिशेनं. बचतगटाच्या बायका, अंगणवाडीताई, ग्रामपंचायतीच्या सदस्या, कॉलेजच्या मुली. खरंच सांगते, बघून छाती भरून आली. धूळ म्हणजे केवढी. मी दोरीच्या बाहेरून चालत होते. पुढं कडेला साधारण पस्तीस-चाळिशीची एक बाई होती, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. नेता जवळ आला तशी गर्दीचा लोट आला, ती ढकलली गेली, दोरीला धरून उभी राहिली. तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, हात पुढं. माझ्या शेजारच्या फोटोग्राफरनं तेवढ्यात बटण दाबलं. नेता पुढं गेला. त्यांना ती दिसलीसुद्धा नसेल.

मी तिच्यापाशी थांबले. नाव, गाव विचारलं. तिनं सांगितलं की बचतगटाच्या बायकांबरोबर आलीय. नवऱ्यानं कर्जापायी औषध प्यायलं, त्याला काही वर्षं झाली. जमीन सासऱ्यांच्या नावावर होती म्हणून मदतीचं प्रकरण अपात्र ठरलं. आता सासरेही गेले. एवढं मी वहीत लिहून घेतलं. ती पिशवीतले कागद काढायला लागली तेव्हा मी म्हटलं, ‘थांबा हं, आलेच.’ कारण कॅमेऱ्यांची गाडी पुढं गेली होती आणि मला संध्याकाळच्या आत मजकूर द्यायचा होता. मी काही परत आले नाही.

रात्री मजकूर लिहिला. चांगला लिहिला, म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं. फोटोखाली तिचं नाव, गाव, आणि ओळ अशी की नेत्याला पाहताच आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीला अश्रू अनावर झाले. दुसऱ्या दिवशी चार ठिकाणांहून फोन आले, काय फोटो आहे म्हणून.

तीन आठवड्यांनी एक अनोळखी नंबर. ती. माझा नंबर तिनं बचतगटाच्या अध्यक्षीणबाईंकडून मिळवला होता. मला वाटलं ओरडेल. ती अगदी शांतपणे म्हणाली, ‘मॅडम, मी रडत नव्हती. डोळ्यात धूळ गेली होती. मी त्यायले कागद देत होती.’

कागद कसले होते? सातबाराचा उतारा आणि तलाठ्याकडं दिलेल्या अर्जाची पोच. सासरे गेल्यावर वारस नोंद झाली तेव्हा दिरांची नावं कब्जेदार म्हणून लागली आणि हिचं नाव टाकलं ‘इतर हक्कात’. तुमच्यापैकी ज्या गावकामगार बायकांबरोबर काम करतात त्यांना ही भानगड पाठ असेल. इतर हक्कात नाव म्हणजे पाटावर ताट मांडलंय पण वाढलेलं नाही. ती बाई हे फिरवून घेण्यासाठी तालुक्याला खेटे घालत होती, आणि भाऊकीला न कळू देता घालत होती. यात्रेला आली तीसुद्धा ‘गटाची मीटिंग आहे’ सांगून. पेपरात फोटो आणि नाव आल्यावर दिरांना कळलं की ही कुठं जाते आणि काय करते. तिला घरातून बाहेर काढलं. ती माहेरी गेली होती, मुलगी बरोबर, मुलगा तिकडंच राहिला. ज्या दिवशी मला ‘काय फोटो आहे’ म्हणून फोन येत होते त्याच दिवशीचं हे.

मी काहीतरी माफीचं बोलले. ती म्हणाली, ‘ते जाऊ द्या. पण त्याच्यात माह्या जमिनीचं काहूनच नाही लिवलं?’

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. नवरा गेला हे लिहिलं. अपात्र ठरवलं हे लिहिलं, कारण ते सरकारविरुद्ध जातं आणि छापलं जातं. पण भाऊकी, सातबारा, इतर हक्क, हे मी ऐकूनच घेतलं नव्हतं. मला रडणारी विधवा हवी होती. हिस्सा मागणारी बाई समोर उभी असून मला दिसली नाही. आणि मी, स्वतःला तीस वर्षं स्त्रीवादी म्हणवणारी! महिला किसान अधिकार मंचानं २०१८ साली विदर्भ आणि मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत ५०५ जणींची पाहणी केली होती. आत्महत्याग्रस्त घरांतल्या या बायका. त्यातल्या ४० टक्के बायकांना नवऱ्याच्या शेतजमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. ही आकडेवारी माझ्या पिशवीत होती, मैत्रिणींनो. चालताना माझ्या पाठीवर होती.

इथं पाचगणीत उभं राहून हे बोलताना मला एक जुनी गोष्ट आठवते. जुलै १९४४. आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजी प्रकृतीसाठी इथं येऊन राहिले होते, दिलखुश बंगल्यात. त्यांना भेटायला लंडनच्या ‘न्यूज क्रॉनिकल’चे बातमीदार स्टुअर्ट गेल्डर आले. बरंच बोलणं झालं. गांधीजींची अपेक्षा होती की हे बोलणं व्हाइसरॉयपर्यंत पोचावं. पण ते त्यांच्या अपेक्षेआधीच मुंबईच्या वर्तमानपत्रात छापून आलं. मोठी खळबळ झाली, त्यांच्याच माणसांनी जाब विचारला. मग गांधीजींनी काय केलं? इथंच, पाचगणीत, पत्रकारांपुढं आपलं म्हणणं स्वतःच्या शब्दांत ठेवलं, आणि तेही सगळीकडं छापून आलं.

हा फरक आहे. मोठ्या माणसाचं बोलणं अवेळी छापलं तर तो दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करू शकतो. माझ्या त्या बाईनं दुरुस्ती कुठं करायची? तिनं मला फोन केला. मी दैनिकाकडं गेले, म्हटलं खुलासा छापू या. मला सांगितलं गेलं की फोटो खरा आहे, नाव खरं आहे, चूक काय आहे? आणि तिच्या दृष्टीनं बघितलं तर खुलासा छापूनही काय होणार होतं? पुन्हा नाव, पुन्हा गाव.

तुम्ही म्हणाल, कलावतीबाई बांदूरकरांनी केली की दुरुस्ती. हो, केली. यवतमाळ जिल्ह्यातल्या जळका गावच्या. २००८ साली राहुल गांधी त्यांच्या घरी गेले आणि त्याच जुलैमध्ये अणुकराराच्या वेळच्या विश्वासदर्शक ठरावावर बोलताना लोकसभेत त्यांचं नाव घेतलं. तिथपासून कलावती हे नाव देशाला झालं. पंधरा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, अविश्वास ठरावाच्या चर्चेत अमित शहांनी तेच नाव घेतलं आणि सांगितलं की तिला घर, वीज वगैरे मोदी सरकारनं दिलं. तेव्हा गावात कॅमेरे गेले आणि कलावतीबाईंनी स्पष्ट सांगितलं की हे खरं नाही, मला मदत झाली ती राहुल गांधींमुळं. कुणाची बाजू खरी यात मी आज जात नाही. मला एवढंच दिसतं, की एका शेतकरी बाईचं नाव दोनदा लोकसभेत उच्चारलं गेलं, दोन्ही वेळा पुरुषांच्या भांडणात, आणि तिचं स्वतःचं बोलणं ऐकायला माईक गेला तो एका मंत्र्यानं तिचं नाव घेतलं म्हणून. एरवी गेला असता का? विदर्भात अशा किती बायका आहेत ज्यांचं नाव कुणी घेतलेलं नाही?

मी पुढं काय केलं ते सांगते, फार मोठं नाही. जानेवारीत तिच्या माहेरी गेले. दोन दिवस राहिले. कागद सगळे पाहिले. तालुक्याच्या ठिकाणी आपल्याच विचारांच्या एक वकीलबाई आहेत त्यांच्याशी गाठ घालून दिली, त्यांनी फेरफाराविरुद्ध प्रांताकडं अपील केलं, उशीर माफीच्या अर्जासह. मी तिच्याबद्दल त्यानंतर एक ओळ लिहिलेली नाही. आणि माझी लिहायची पद्धत बदलली. आता कुणाही बाईचं नाव छापण्याआधी मी तिला तीन गोष्टी विचारते: हे घरात कोण वाचेल, वाचल्यावर काय होईल, आणि यातलं काय नक्की छापलं पाहिजे? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. लिहून झाल्यावर फोनवरून वाचून दाखवते. सहकारी म्हणतात हे पत्रकारितेत बसत नाही, मंत्र्याला आपण मजकूर वाचून दाखवतो का? नाही दाखवत. मंत्र्याला दाखवायची गरज नसते, त्याच्याकडं दुरुस्तीला दहा माणसं असतात.

एक मात्र सांगते, सरसकट ‘नाव बदललं आहे’ असं लिहिणं हासुद्धा उपाय नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकरी चालत आले तेव्हा आदिवासी बायकांच्या फुटलेल्या तळव्यांचे फोटो जगभर गेले. फक्त तळवे! वरचा चेहराही नाही, मागणीही नाही. वनजमिनीचा पट्टा हवा म्हणून त्या एकशे ऐंशी किलोमीटर चालल्या होत्या. मी नंतर त्यातल्या एकीला भेटले, ती म्हणाली, नाव लिहा, पूर्ण लिहा, गावही लिहा, आम्ही काही लपून गेलो नव्हतो. ती संघटनेतून आली होती. तिच्यामागं गावातल्या चाळीसजणी होत्या. माझी बुलढाण्याची बाई गटातून आली होती, पण जमिनीच्या भांडणात एकटी होती. नाव लिहावं की नाही हे त्या मागच्या चाळीसजणींवर ठरतं, असं मला आता वाटतं.

तेव्हा तुम्हाला जर कुणा नेत्याच्या यात्रेचं बोलावणं आलं, कुठल्याही पक्षाचं, तर जावं की नाही? सकाळच्या सत्रात यावर बरीच वादावादी झाली, मी मागं बसून ऐकत होते. जाऊ नये असं मी म्हणणार नाही. त्या पाच दिवसांत मी बायकांना मोकळ्या रस्त्यावर, मोकळ्या गळ्यानं बोलताना पाहिलं, ते रोज दिसत नाही. पण जाताना एकटीला पाठवू नका. कागदाच्या दोन प्रती करून न्या, एक दोरीच्या आत जायला आणि एक आपल्या फायलीत. आणि आमच्यासारखी कुणी वही घेऊन आली की तिला धरून ठेवा. ‘थांबा, आलेच’ म्हणाली तर जाऊ देऊ नका. आधी सातबारा वाच म्हणावं.

त्या अपिलाची पुढची तारीख जवळ आली आहे. मुलगा आता आईकडं राहतो, तो आपणहून आला. मागच्या महिन्यात तिनं मला परवानगी दिली की ही गोष्ट बायकांच्या शिबिरात सांगा, पेपरात नको, आणि गावाचं नाव नको. तुमच्या त्रैमासिकाच्या संपादकांनी हे छापायचं म्हटलं तेव्हा मी तिला पुन्हा फोन केला. तिनं अख्खं ऐकून घेतलं. मधेच म्हणाली, ‘पिशवी पलास्टिकची नव्हती, कापडाची होती.’ मी म्हटलं, दुरुस्त करते. तर म्हणाली, ‘राहू द्या, त्याच्यानं वळखू येणार नाही.’